बाराव्या फोटोची पाटी

नाही, खालची ती ओळ मी झाकणार नाही. माउंटची, म्हणजे फोटोभोवतीच्या पुठ्ठ्याची, खिडकी अर्ध्या इंचानं मोठी कापते, म्हणजे तुमच्या आजोबांचा चेहराही दिसेल आणि त्याखालचं अक्षरही. पटत नसेल तर खुशाल दुसरीकडे न्या, मी रागावणार नाही. चौकापलीकडे एक दुकान आहे, तिथे सांगाल तिथे कापून देतात.

बसा ना. तुमच्या दुसऱ्या फ्रेमचा गोंद वाळायला अर्धा तास लागेलच. का झाकत नाही तेही सांगते. आधी दिवा जरा जवळ घेते, या दुकानात भर दुपारीही दिवा लागतो.

दुकान वडिलांचं. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. काच बसवताना तिच्यावर श्वास सोडायचा नाही, ही एक. दुसरी अशी, की फोटोवरचं काही झाकावंच लागलं, तर जे झाकलं ते पाठीमागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहून ठेवायचं. नाव असो, तारीख असो, नुसती एखादी खूण असो. फोटोतल्या माणसाला आपण कोण ते सांगता येत नाही, म्हणायचे, ते त्याच्याजवळ लिहिलेलंच असावं लागतं. मला तो म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा वाटायचा. पण हाताला सवय लागली होती, लिहीत होते.

माझा एक धाकटा भाऊ आहे. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा आणि मी अकराची. त्याला मीच वाढवलं. तो पाच वर्षांचा असताना एकदा मी माउंट कापत होते आणि हा टेबलाखालून अचानक डोकं वर काढून उभा राहिला. कटर त्याच्या डाव्या कानाला लागला. पाळीचा तांदळाएवढा तुकडा गेला, तो गेलाच. मी दोन दिवस जेवले नव्हते. तो मात्र मोठेपणी सगळ्यांना कान दाखवून सांगायचा, ‘ताईनं कापलेली पहिली फ्रेम म्हणजे मी.’

त्यानं फ्रेमचं काम उचललं नाही. तोंडाला कुलूप लावून बसणं त्याला जमणारं नव्हतं. तुझी गिऱ्हाइकं बोलत नाहीत, म्हणायचा. तो केस कापायला शिकला आणि तीन वर्षांपूर्वी त्यानं स्वतःचं सलून काढलं. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, मागे रिकामी भिंत. त्या भिंतीवर काय लावायचं म्हणून त्यानं माझं डोकं खाल्लं. आणि एक दिवस भंगारवाल्याकडून एक गठ्ठा घेऊन आला.

पोलिसांनी काढलेले जुने फोटो होते. शंभर वर्षांपूर्वीचे तरी असतील. कुठल्याशा दफ्तरखान्याची सफाई झाली, त्यात बाहेर पडलेले. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले बारा फोटो. प्रत्येकात तीच लाकडी खुर्ची, तीत बसलेला एक माणूस आणि त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरलेली पाटी. पाटीवर खडूनं लिहिलेला आकडा. डाव्या खांद्याशी एका लाकडी घोडीवर आरसा तिरका उभा केलेला, म्हणजे समोरचा चेहरा आणि बाजूचा चेहरा एकाच फोटोत येतो.

“मिशा बघ,” भाऊ म्हणाला. “अशा मिशा आता राहिल्यात का कुठे? गिऱ्हाइकं खूश होतील.”

मला ते आवडलं नव्हतं, खरं सांगते. एकाचे डोळे ओले होते. नुकताच रडून गप्प झालेला दिसत होता. चोर असतील, खुनी असतील, पण फोटो काढू का असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि आता भिंतीवर लावू का असंही विचारत नव्हतं. मी तसं बोलले. शंभर वर्षं झाली, आता त्यांना कोण ओळखतंय, असं म्हणून त्यानं विषय उडवून लावला. लहानपणापासून त्याला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.

त्याचं एकच सांगणं होतं. पाट्या दिसायला नकोत. पाटी दिसली की तुरुंग वाटतो, नुसते चेहरे ठेव. मी माउंटच्या खिडक्या तशा कापल्या. पाट्या पुठ्ठ्याखाली गेल्या, वर राहिले चेहरे आणि आरसे. अन् सवयीप्रमाणे प्रत्येकाचा आकडा मागे लिहिला. असे अकरा झाले.

बाराव्या फोटोत माणूसच नव्हता. खुर्ची, शेजारी आरसा आणि बैठकीवर उभी टेकवलेली पाटी, बस्स. भाऊ म्हणाला, हाच मधोमध लावू, गंमत येईल. मी तोही बंद केला. पेन्सिलीचं टोक मोडलं होतं, उशीर झाला होता, आणि माणूसच नाही तर लिहायचं कुणासाठी, असं मनात आलं. त्याचा आकडा मी लिहिला नाही. त्या पाटीकडे मी नीट पाहिलंसुद्धा नाही.

सलूनच्या वरच्या मजल्यावर एक म्हातारे हवालदार राहतात. निवृत्त होऊन जमाना झाला. फोटो लावले त्या दिवशी ते दाढीला आले होते. त्यांनी आम्हाला त्या आरशाचं कारण सांगितलं. दाढी वाढवता येते, मिशी उतरवता येते, माणूस जाडा होतो, वाळतो, म्हातारा होतो. कान मात्र बदलत नाही. म्हणून बाजूचा चेहरा हवा. माणसाची खरी ओळख कानात, असं त्यांना नोकरीत शिकवलं होतं. भावानं लगेच आपला कान पुढे केला आणि म्हणाला, मग मी तर लाखात सापडेन. आम्ही सगळे हसलो.

मग हवालदारकाकांची नजर मधल्या फोटोवर गेली. बराच वेळ ते बघत राहिले.

“रिकाम्या खुर्चीचा फोटो कोण काढील?” ते म्हणाले. “फोटो काचेवर निघायचे, एकेका काचेचा हिशेब द्यावा लागायचा त्या काळी… फोटो काढला तेव्हा खुर्चीत कुणीतरी बसलेलं असणार.”

सलून छान चाललं. महिनाभरानं भाऊ मला म्हणाला, दुकानात येऊन एक मजा बघ. मी जाऊन बाकावर बसले. खुर्चीत इथल्या शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जातो. भावानं त्यांच्या गळ्याभोवती काळं कापड खोचलं आणि केस कापायला घेतले. थोड्या वेळानं कापड छातीपाशी वर उचललं गेलं. आत हात वर आले होते. कापड काढलं तेव्हा मी बघितलं. दोन्ही हात छातीशी, बोटं आत वळलेली, दोन कडांना धरून काही तरी पातळ उभं धरावं तशी.

“सगळे असंच करतात,” भाऊ माझ्या कानाशी हसून म्हणाला.

मला हसू आलं नाही. मुख्याध्यापक उठत नव्हते. समोरच्या आरशात बघत बसून होते, आणि त्या आरशात त्यांच्यामागे भिंतीवरचे अकराच्या अकरा चेहरे होते. मग त्या दोन गल्ल्यांच्या आवाजाचे मुख्याध्यापक अगदी बारीक आवाजात म्हणाले, “जाऊ का मी?”

भाऊ जा म्हणाला, तेव्हा ते उठले.

तेव्हाच मी ते कापड हातात घेऊन पाहिलं. छातीवर पांढरट भुकटी होती. भावाला ती पावडर वाटत होती. पावडरला सुवास असतो. या भुकटीला शाळेच्या वर्गाचा वास होता. मी कापड झटकलं, मग ओल्या फडक्यानं पुसलं. भुकटी गेली, आणि कापड वाळलं तशी पुन्हा दिसायला लागली.

मी त्याला म्हटलं, ते फोटो उतरव. तो म्हणाला, ताई, गिऱ्हाइकं वाढलीत. आणि ते खोटं नव्हतं. माणसं चार-चार दिवसांनी यायला लागली होती. कापण्यासारखे केस उरलेले नसायचे, तरी येऊन बसायची आणि आपली पाळी आली की निमूट खुर्चीत जायची. पूर्वी त्या सलूनमध्ये नुसता कालवा असायचा, जगातली सगळी भांडणं तिथे मिटायची. आता कात्रीचा आवाज तेवढा यायचा. त्या शांततेत बसवत नसे, म्हणून मी जाणंच कमी केलं. ती माझी चूक. तेव्हाच भांडून, ओरडून, काहीही करून ते फोटो उतरवायला हवे होते.

भाऊ घरीही गप्प व्हायला लागला. घास तोंडात घेऊन बसून राहायचा. दाराशी उभा राहायचा आणि मी ये म्हटल्याशिवाय आत यायचा नाही. स्वतःच्या घरात. एकदा मी कारण नसताना त्याला जवळ ओढून घेतलं, तर तो मान डावीकडून उजवीकडे वळवून, बाजूचा चेहरा माझ्याकडे करून, तसाच उभा राहिला. मला रडू फुटलं. त्याला कळलं नाही का ते.

सोमवारी सलून बंद असतं. त्या सोमवारी तो सकाळी बाहेर पडला आणि जेवायला आला नाही. दुपारी दोनला मी गेले. शटर कमरेएवढं वर होतं. वाकून आत शिरले तर खडूचा वास असा आला की ठसका लागला. बाहेर लख्ख ऊन, आत अर्धवट उजेड.

तो मधल्या फोटोसमोरच्या खुर्चीत बसला होता. काळं कापड गळ्याभोवती बांधलेलं. हात छातीशी. मी हाक मारली, त्यानं बघितलं नाही. कापड सोडायला मी मागे गेले, तर मानेवर गाठ होती. घट्ट, दोन वेढ्यांची, मागून दुसऱ्या माणसानं बांधल्यासारखी. भाऊ गाठी मारत नाही, नुसती कड खोचतो. माझ्या नखांना ती गाठ सुटेना, शेवटी कात्रीनं कापली.

“कोणी बांधलं हे?” मी विचारलं.

तो म्हणाला, “ताई… माझा आकडा?”

मी भिंतीवरून पहिली फ्रेम उतरवली आणि मागचे खिळे उपसले. पुठ्ठा काढला, माउंट उचललं. फोटोतल्या त्या माणसाच्या हातात पाटी होती, पण कोरी. आकडा पुसलेला, तळहातानं पुसल्यावर राहतात तसे फराटे पाटीवर. दुसरी उघडली, तीही तशीच. अकराच्या अकरा पाट्या कोऱ्या. भीती तर वाटत होतीच, पण त्याहून जास्त शरम वाटली. त्यांच्याजवळ ओळख म्हणून तेवढं एक उरलं होतं, आणि तेही मी भिंतीची शोभा वाढावी म्हणून झाकलं होतं.

वडिलांची आठवण झाली आणि हात आपोआप चालायला लागले. पाठीमागचे आकडे होते ना माझ्याजवळ. भावाला हाताला धरून घरी आणला, निजवला, फोटो दुकानात आणले. याच टेबलावर, याच दिव्याखाली, बारीक ब्रशनं पांढऱ्या शाईत प्रत्येक पाटीवर ज्याचा त्याचा आकडा घातला. सगळे चार-चार आकड्यांचे. नवी माउंटं कापली, पाटी पूर्ण दिसेल अशी. दुसऱ्या दिवशी सलूनमधली कापडं स्वच्छ होती. त्या आठवड्यात मुख्याध्यापक रस्त्यात भेटले तर फळवाल्याशी भांडत होते. त्यांचा आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

पण भाऊ तसाच. हात छातीशी, नजर समोर. बारावा फोटो राहिला होता आणि त्याच्यामागे काही लिहिलेलं नव्हतं. भिंग लावून पाहिलं, तिरक्या उजेडात पाहिलं. बैठकीवरची पाटी कोरी होती. हवालदारकाकांना विचारलं, भंगारवाल्याला विचारलं. तो दफ्तरखाना तर पाडून टाकलेला. चार दिवस भाऊ पाण्यावर होता, आणि दर थोड्या वेळानं तेच विचारायचा. इतक्या हळू आवाजात, की विचारण्याचीही त्याला परवानगी नसावी. तुमच्या हातून वाढलेलं माणूस तुम्हाला असं काही विचारतं आणि तुमच्याजवळ उत्तर नसतं, तेव्हा तुम्ही काय कराल? मी उत्तर बनवलं. आमची लहानपणीची पाटी माळ्यावर होती. तिच्यावर खडूनं, मनाला येईल तो आकडा लिहिला. चार हजार एकशे सत्तावीस. आणि पाटी त्याच्या हातात दिली.

त्यानं आकडा वाचला. सावकाश, दोनदा. मग पाटी बाजूला ठेवली, हात खाली घेतले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, चहा मिळेल?”

मी चुलीपाशी उभी राहून रडले. त्याच रात्री बाराव्या फोटोतल्या पाटीवरही तोच आकडा घातला, मागे पेन्सिलीनं लिहिला, आणि ती फ्रेम इथे दुकानात, त्या पडद्यामागे टांगली. विषय संपला, असं मला वाटलं.

तो बरा झाला. सलून पुन्हा उघडलं. चांगला वागतो, वेळेवर घरी येतो, ताट स्वतः उचलून ठेवतो. पूर्वी कधी ठेवत नव्हता. थोडा कमी बोलतो. केस वाढवले आहेत, कानावर येतात. दिवसभर दुसऱ्यांचे केस कापतो आणि स्वतःच्या केसांना कात्री लावू देत नाही. मी त्यावरून चिडवायचे सुद्धा.

दीड महिन्यानं, एका सकाळी, तो मोरीत तोंड धुवायला वाकला आणि ओले केस त्यानं मागे सारले. मी टॉवेल घेऊन शेजारी उभी होते. डावा कान माझ्यासमोर होता. पाळी गुळगुळीत होती. अख्खी.

मी टॉवेल दिला. दुकानात आले आणि पडदा सारला. फोटोतली खुर्ची अजून रिकामी आहे. पण शेजारच्या आरशात आता एक बाजूचा चेहरा आहे. तरुण, मान ताठ, ओठ घट्ट मिटलेले. डाव्या कानाच्या पाळीला तांदळाएवढी खाच आहे.

मी खोटा आकडा दिला, आणि त्या रिकाम्या खुर्चीतल्या माणसाला आकडा हवा होता, त्यानं तो घेतला. आता त्याचा खरा आकडा सापडेल तेव्हाच त्याला त्याच्या जागी परत पाठवता येईल आणि माझा भाऊ उठेल. एवढंच मला कळतं. म्हणून दुकान उघडलं की मी रोज त्या पाटीवरचा कालचा आकडा पुसते आणि पुढचा घालते. एक हजारापासून सुरुवात केली. एका दिवशी जमतील तितके, पण प्रत्येकाला थोडा वेळ थांबून बघावं लागतं, चेहरा हलतो का. आज सहा हजार तीनशेपर्यंत आले आहे. ही बोटांवरची पांढरी शाई त्याचीच. नऊ हजार नऊशे नव्याण्णवच्या आत कुठे तरी तो असणार, या हिशेबावर मी जगते आहे.

घरी मी यातलं अक्षर काढलेलं नाही. रोज त्याला वाढते, तो रोज मला ताई म्हणतो. काल रात्री आम्ही जेवत होतो. त्यानं माझ्या बोटांकडे पाहिलं, मग ताटाकडे. आणि त्याच हळू आवाजात, अगदी मायेनं म्हणाला, “ताई, उगाच डोळे फोडत बसू नकोस. तो पाच आकडी होता.”

मग त्यानं उठून माझंही ताट उचललं.